चेरेमोशच्या वळणावरचं गाव

नाशिक
१० ऑगस्ट २०२५

प्रिय दिगू,

तुझं पत्र मिळालं. चार पानं, निळी शाई आणि वर पोस्टाचा शिक्का! पोस्टमनलाही कौतुक वाटलं. पेटीत न टाकता वर येऊन हातात दिलं त्याने. म्हणून मीही हातानेच लिहितोय. अक्षर डॉक्टरचं आहे, लावून लावून वाच.

तुझ्या तक्रारीचं हसू आलं. गावाचा इतिहास आणि प्रेक्षणीय स्थळं दोन पानांत लिहून द्या असा आदेश आला आणि तू वहीत लिहिलंस, ‘एक देऊळ, एक पार, एक ओढा. इति.’ वर मलाच विचारतोस, आमच्या वाडीत ना किल्ला, ना लढाई, ना कोणी थोर माणूस जन्मला, मग लिहू काय? हसून झालं आणि मग एकदम युक्रेनमधलं क्रिव्होरिव्न्या आठवलं.

त्या गावाबद्दल मी तुला कधी नीट सांगितलंच नाही. २०२२ मध्ये परत आलो तेव्हा जो तो सायरनचं विचारायचा, रोमानियाच्या सीमेवरच्या रांगेचं विचारायचा, बुखारेस्टहून मुंबईला आलेल्या विमानाचं विचारायचा. तूही तेच विचारलंस. मीही तेवढंच सांगत गेलो. पुढे त्या देशाचं नाव काढलं की माझ्याच डोळ्यांसमोर फक्त तेवढे चार दिवस यायला लागले. आधीची साडेतीन वर्षं कुठे गेली कोण जाणे. तर आज त्यांतलं थोडं काढतो.

मी शिकायला होतो ते शहर इव्हानो-फ्रांकिव्स्क. आम्ही पोरं नुसतं ‘इव्हानो’ म्हणायचो. हा इव्हान फ्रांको कोण, हे पहिलं वर्षभर आमच्यातल्या कोणालाच ठाऊक नव्हतं. (आपल्याकडे तरी रस्त्यांची नावं कोण वाचतं!) आम्हाला युक्रेनियन भाषा शिकवणाऱ्या बाईंच्या हे लक्षात आलं आणि त्यांना ते फार लागलं. २०२० च्या जानेवारीत, नाताळाला, त्यांनी आम्हा तिघांना सरळ आपल्या माहेरी, क्रिव्होरिव्न्याला, नेलं. तिकडचा नाताळ तेव्हा ७ जानेवारीला असायचा, जुन्या पंचांगाप्रमाणे.

प्रवास मार्शुत्काने. मार्शुत्का म्हणजे आपलं वडापच, फक्त पडदे मखमली. यारेम्चे, वोरोख्ता करत गाडी कार्पेथियन डोंगरात चढत जाते. हे डोंगर आपल्या सह्याद्रीसारखे कातळकडे घेऊन अंगावर येत नाहीत. गोलाकार, देवदारासारख्या सूचिपर्णी झाडांनी काळे पडलेले, आणि माथ्यावर मात्र गवताची मोकळी कुरणं. सगळ्यात उंच होव्हेर्ला, २०६१ मीटर. कळसूबाईपेक्षा चारेकशे मीटर जास्त, त्यामुळे मला फार मान खाली घालावी लागली नाही. तालुक्याचं गाव व्हेर्खोविना. त्याचं १९६२ पर्यंतचं नाव झाब्ये. झाबा म्हणजे बेडूक. बेडकांचं गाव हे नाव सरकारला पसंत पडलं नसावं. आमच्या शहराला फ्रांकोचं नाव मिळालं तेही त्याच साली, त्याआधी ते स्तानिस्लाविव्ह होतं. व्हेर्खोविनाहून खाली सात-आठ किलोमीटरवर काळा चेरेमोश नदी एक वळण घेते आणि तिथे डोंगराखाली थोडी सपाटी सुटते. क्रिव्हा म्हणजे वाकडी, रिव्न्या म्हणजे सपाटी. वाकड्या सपाटीचं गाव, क्रिव्होरिव्न्या. कागदोपत्री ते १६५४ पासून सापडतं.

गाव म्हटलं की तुझ्या डोळ्यांपुढे घराला घर लागून येईल, तर तसं नाही. नदीकाठाला रस्ता, दुकान, शाळा, चर्च. बाकी घरं डोंगरउतारावर विखुरलेली, एकेकाच्या हाकेच्या पलीकडे. आपल्या धनगरवाड्यांसारखी. तिथले लोक हुत्सूल, म्हणजे डोंगरी लोक: मेंढ्या, लाकूड, घोडे यांवर जगणारे. हाक पोचत नाही म्हणून त्यांच्याकडे त्रेम्बिता असते. जवळजवळ तीन मीटर लांब सरळसोट लाकडी तुतारी, वरून भूर्जाची साल गुंडाळलेली. तिला वीज पडलेल्या झाडाचं लाकूड सगळ्यात चांगलं, असं म्हणतात. कोणी गेलं, कळप वर निघाला, नाताळाचे गाणारे आले, की त्रेम्बिता. सूर ऐकून डोंगरापलीकडच्याला कळतं की बातमी कसली आहे.

पहिल्या रात्रीचं सांगतो. नाताळाच्या आदल्या संध्याकाळी बारा पदार्थांचं जेवण असतं आणि त्यात मांस नाही, दूध नाही. आमच्यातल्या जैन मित्राचं असं फावलं की विचारू नकोस. मुख्य पदार्थ कुत्या: शिजवलेले गहू, मध आणि खसखस. तू चाखलीस तर म्हणशील, हुग्गीत गुळाऐवजी मध घातलाय.

पण ताटावर बसायच्या आधी बाईंचे वडील एका वाडग्यात सगळ्यातलं थोडं थोडं घेऊन दाराबाहेर बर्फात गेले. आम्ही मागून. अंधारात तोंड करून त्यांनी मोठ्याने लांडग्याला जेवायला बोलावलं. मग कडाक्याच्या थंडीला. मग वादळाला. तीनदा बोलावलं. कोणी आलं नाही. तेव्हा आजोबा म्हणाले, आज बोलावून आला नाहीत, आता वर्षभर येऊ नका. आणि दार लावून घेतलं. केवढा वकिली मुद्दा बघ! आमंत्रण दिलं होतं, तुम्हीच नाकारलंत.

आत आलो तर आजी बाकावर बसण्याआधी बाकावर फुंकर मारत होत्या. मला वाटलं, धूळ. बाई म्हणाल्या, आज घरातले गेलेले लोकही जेवायला आलेले असतात, चुकून कोणाच्या अंगावर बसायला नको. दिगू, मला माझी आजी आठवली. पितृपक्षात पान बाहेर ठेवून कावळ्याची वाट बघत उभी राहायची ती.

दुसऱ्या दिवशी चर्च. लाकडी, क्रुसाच्या आकाराचं, मध्यावर एकच घुमट. साल १७१९. म्हणजे थोरल्या बाजीरावाला पेशवाई मिळायच्या एक वर्ष आधीचं लाकूड, अजून उभं. प्रार्थना संपल्यावर गावातल्या वेगवेगळ्या वाड्यांचे पुरुष टोळ्या करून चर्चभोवती जमले. अंगात केप्तार, म्हणजे नक्षीची बिनबाह्यांची कातडी बंडी. हातात बार्त्का, म्हणजे लांब दांड्याची छोटी कुऱ्हाड. कुऱ्हाड वर-खाली नाचवत, घंटा वाजवत, एका लयीत पावलं टाकत ते गातात. पुढाऱ्याला बेरेझा म्हणतात. त्याला सगळी गाणी पाठ हवीत, कारण पुढचे दोन आठवडे टोळी घरोघर जाते आणि घरातल्या प्रत्येकासाठी वेगळं गाणं असतं: घरधन्याला वेगळं, घरधनिणीला वेगळं, लग्नाच्या मुलीला वेगळं. त्या वर्षी घरात कोणी गेलं असेल तर त्याच्यासाठीही. त्या गाण्याला बायका रडत होत्या आणि गाणारे मान खाली घालून, न थांबता, पुढे गात होते. जमलेले पैसे चर्चला जातात. वासुदेव म्हण, गोंधळी म्हण, काहीही म्हण. मी मात्र ‘आपल्याकडेही असंच असतं’ हे वाक्य तिथे तिसऱ्यांदा म्हणालो आणि बाई हसल्या. म्हणाल्या, जरा नुसतं बघ.

आता तुझ्या कामाचं, थोर माणसांचं. तुझ्या वाडीत कोणी थोर जन्मला नाही ना? क्रिव्होरिव्न्यात आले तेही बाहेरचेच. लोक या गावाला ‘युक्रेनचं अथेन्स’ म्हणतात, पण ते अथेन्स उन्हाळी सुट्टीतलं.

त्याचं कारण मजेशीर आहे. १७७२ पासून १९१८ पर्यंत हा मुलूख ऑस्ट्रियाकडे होता. उरलेला बराचसा युक्रेन रशियन झारकडे, आणि झारने १८७६ मध्ये हुकूम काढून युक्रेनियन भाषेत पुस्तकं छापायलाच बंदी घातली होती. ती १९०५ च्या सुमारास ढिली झाली. ऑस्ट्रियात तशी बंदी नव्हती. त्यामुळे दोन साम्राज्यांत वाटले गेलेले एकाच भाषेचे लेखक इकडे येऊन भेटत. भेटायला जागा हवी, हवा चांगली हवी, आणि गावचे धर्मगुरू ओलेक्सा वोल्यान्स्की दिलदार यजमान. जमली मैफल.

फ्रांको १९०१ पासून पहिल्या महायुद्धापर्यंत जवळजवळ दर उन्हाळ्यात इथे यायचा. वासिल याकिब्युक नावाच्या गावकऱ्याच्या घरी तो उतरायचा. ते साधं लाकडी घर आता त्याचं संग्रहालय आहे. एवढा मोठा कवी, कादंबरीकार, व्हिएन्नाचा डॉक्टरेट. पण गावाच्या आठवणीत राहिला तो चेरेमोशमध्ये उतरून हातांनी मासे पकडणारा माणूस म्हणून. हे मला फार आवडलं. लेस्या उक्राइन्का ही कवयित्री १९०१ मध्ये येऊन गेली. लोकगीतं जमवणारा व्होलोदिमिर ह्नात्युक फुफ्फुसाच्या आजारापायी हवापालटाला यायचा. नाताळच्या गाण्यांचा त्याचा संग्रह १९१४ मध्ये छापला गेला. चर्चभोवती मी ऐकली ती गाणी, त्याच जातकुळीची.

ह्नात खोत्केविच हा तर रशियातून पळून आलेला, १९०५ च्या क्रांतीनंतर पोलीस मागे लागले म्हणून. पळून आलेल्या माणसाने गप्प बसावं की नाही? याने १९१० मध्ये शेजारच्या क्रास्नोइल्या गावात, लिहिता-वाचताही न येणाऱ्या हुत्सूल शेतकऱ्यांना घेऊन नाटक कंपनी काढली आणि थेट क्राकूपर्यंत दौरे केले. पुढे १९३८ मध्ये सोव्हिएत पोलिसांनी त्याला गोळ्या घातल्या.

मिखाइलो ह्रुशेव्स्की हा इतिहासकार. त्याने १९०८ मध्ये गावात घरच घेतलं. १९१४ चं महायुद्ध सुरू झालं तेव्हा तो याच घरात सुट्टीवर होता. पुढे कीव्हला परतल्यावर रशियनांनी त्याला पकडून हद्दपार केलं, आणि १९१७ मध्ये तोच युक्रेनच्या मध्यवर्ती परिषदेचा, म्हणजे त्यांच्या पहिल्या संसदेचा, अध्यक्ष झाला. घर त्या महायुद्धातच जळालं. आता त्या जागी पुन्हा बांधलेलं घर, त्याच्या नावाचं संग्रहालय.

आणि मिखाइलो कोत्स्युबिन्स्की. चेर्निहिव्हच्या सरकारी कचेरीत आकडेमोड करणारा माणूस. १९१० मध्ये पहिल्यांदा इथे आला आणि वेडाच झाला. पुढच्या वर्षी परत आला, हुत्सूलांच्या कुरणांवर जाऊन राहिला, आणि त्यातून वैर असलेल्या दोन घराण्यांतल्या इव्हान आणि मारिच्काची गोष्ट लिहिली. तिच्यावर सेर्ही पाराजानोव्हने केलेला सिनेमा जगभर गाजला. १९६३-६४ मध्ये त्याचं चित्रण याच परिसरात झालं, गावकऱ्यांनाच त्यात उभं केलं. ४ सप्टेंबर १९६५ ला कीव्हमध्ये सिनेमा पहिल्यांदा दाखवला तेव्हा काही तरुणांनी थिएटरातच उठून, युक्रेनियन लेखकांची धरपकड चालली आहे हे भर सभेत सांगितलं. एका डोंगरी गावातली प्रेमकथा कुठपर्यंत गेली बघ.

बाकी स्थळं भराभर सांगतो. एक ग्राझ्दा आहे, म्हणजे चारी बाजूंनी लाकडी ओंडक्यांनी बंद केलेलं घर-गोठा-अंगण. लांडगे, बर्फ आणि दरोडेखोर, तिघांना बाहेर ठेवणारा चौसोपी वाडाच. नदीवर झुलते पादचारी पूल आहेत. मी एकावरून गेलो, परत दुसऱ्या वाटेने आलो. दरोडेखोरांचा नायक ओलेक्सा दोव्बुश. श्रीमंतांना लुटायचा, १७४५ मध्ये कोस्माच गावात मारला गेला. त्याने पुरलेला खजिना आसपासच्या निम्म्या गुहांमध्ये आहे म्हणे. असे खजिने आपल्याकडेही पुष्कळ आहेत आणि तेवढेच सापडतात.

चेरेमोशवरून मात्र एकेकाळी लाकूड जायचं. ओंडके बांधून तराफा करायचा, त्याला दराबा म्हणतात. वर बांध घालून पाणी अडवायचं, मग एकदम सोडायचं आणि त्या लोंढ्यावर तराफ्यासकट स्वार व्हायचं. १९७० च्या दशकापर्यंत हे चाललं. आजोबांनी तरुणपणी केलं होतं. ‘पोहता यायचं का?’ मी विचारलं. ‘त्या पाण्यात पोहून काय करणार?’ ते म्हणाले.

आणि आता ज्यासाठी हे सगळं लिहितोय ते. पहिल्या रात्री जेवताना भिंतीवर एक फोटो दिसला होता. कृष्णधवल, गवताच्या गंजीला टेकून उभा तरुण, डोक्यावर टोपी तिरकी, हसू दाबलेलं. आजोबाच. फोटो चांगला म्हणजे इतका चांगला, की मी विचारलं, कोणी काढला? ‘परास्काने.’ कुठली स्टुडिओवाली? ‘स्टुडिओ कसला, ती वर राहायची.’

परास्का प्लित्का-होरित्स्व्हित. जन्म १९२७ चा. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी डोंगरातल्या बंडखोरांना मदत करते म्हणून सोव्हिएत पोलिसांनी पकडलं तेव्हा ती अठरा वर्षांची असेल. जवळजवळ दहा वर्षं छावण्यांत काढली, सायबेरियात आणि कझाकस्तानात. १९५४ मध्ये परतली ती कुबड्यांवर. लग्न केलं नाही. क्रिव्होरिव्न्यात एका छोट्या घरात एकटी राहिली, १९९८ मध्ये वारली. आणि या एकट्या बाईने काय केलं? गावातल्या आजीआजोबांकडून गोष्टी, म्हणी, शब्द ऐकून लिहून घेतले. हाताने लिहिलेले, हाताने बांधलेले, हाताने चित्रं काढलेले चाळीसहून जास्त जाडजूड ग्रंथ आणि वर छोट्या वह्यांचा ढीग. देवांच्या तसबिरी रंगवल्या. आणि फोटो काढले: लग्नं, मयत, शाळेची पोरं, गवत कापणाऱ्या बायका, नवी टोपी घालून उगाच उभे असलेले बाप्ये. ज्याचा फोटो त्याला देऊन टाकायची. ती गेल्यावर सतराएक वर्षांनी तिच्या घरात चार हजारांहून जास्त निगेटिव्ह सापडल्या. २०१९ मध्ये कीव्हच्या मोठ्या कलादालनात तिचं प्रदर्शन भरलं. आम्ही गावात होतो तेव्हा ते चालूच होतं, आणि आजोबांचा त्यावर विश्वास बसत नव्हता. ‘आमचे फोटो? बघायला तिकीट?’

त्या सगळ्या थोर पाहुण्यांनी गाव लिहिलं ते एका एका उन्हाळ्याचं. कोत्स्युबिन्स्कीचं मी भाषांतरात वाचलंय, अप्रतिम आहे, पण त्याला त्या डोंगरात जादू दिसत होती. परास्काला शेजारी दिसत होते. माझा कल कुठे आहे ते तुला कळलंच असेल.

आणि गंमत ऐक. हीच बाई, जिने उभं गाव टिपलं, तिला लिहावंसं वाटलं भारताबद्दल! भारतात घडणारी एक साहसकथा तिने लिहिली, तीही सचित्र. आयुष्यात इकडे पाऊल टाकलं नाही, टाकणं शक्यही नव्हतं. बाईंनी हे सांगितलं तेव्हा आमची चुळबुळ सुरू झाली. तीन भारतीय समोर बसलेले. आजोबांनी वळून मला विचारलं, ‘मग तिकडे हत्ती दारापर्यंत येतात का?’ मी म्हटलं, माझ्या एका मित्राच्या वाडीत म्हशी येतात. त्यांची जरा निराशा झालेली दिसली.

शेवटचा गेलो तो सप्टेंबर २०२१ मध्ये. मेंढ्या उन्हाळा डोंगरमाथ्यावर काढून खाली यायच्या बेतात होत्या. बानोश खाल्लं, मक्याचं पीठ आंबट सायीत शिजवून वर मेंढीचं चीज. साधारण आपली उकडच, पण श्रीमंताघरची. आजोबांनी निघताना चीजचा गोळा फडक्यात बांधून दिला. पाच महिन्यांनी, २४ फेब्रुवारीला पहाटे, आमच्या शहराच्या विमानतळावर क्षेपणास्त्रं पडली. निरोप घ्यायला वेळ मिळाला नाही.

बाईंचा अधूनमधून मेसेज येतो. आजोबा गेले, गेल्या हिवाळ्यात, वयाने. त्रेम्बिता आता पोरांसाठीही वाजते, असं त्यांनी लिहिलं होतं. आघाडीवरून शवपेटी येते तेव्हा लोक रस्त्याच्या दोन्ही कडांना गुडघे टेकून बसतात, गाडी दिसेनाशी होईपर्यंत. त्यांच्या वर्गातल्या दोघांसाठी त्या स्वतः बसल्या. मी काय उत्तर लिहिणार? भाषा येते मला थोडी, पण तेवढी नाही.

तर दिगू, तुझं ते ‘इति’ खोड. पार कोणी बांधला, ओढ्याला ते नाव का, देवळातला कोणता खांब कुठून आणला, एवढं तरी विचार. तुझ्या शेजारच्या त्या म्हाताऱ्या काकू जात्यावरच्या ओव्या म्हणायच्या, अजून म्हणतात का? मोबाइल आहे ना तुझ्याकडे, मग बस त्यांच्याजवळ एक दुपार. आदेशाची दोन पानं कशीही भर.

आणि माझं एक काम कर. पाराचा एक फोटो काढून पाठव. सणावाराचा नको, रोजचा, माणसं बसलेली असताना. मी तो बाईंना पाठवणार आहे. परास्काचं घर आता संग्रहालय आहे, बाई तिथे नेऊन देते म्हणाल्यात. म्हशी फोटोत असू देत.

वहिनींना नमस्कार, चिमीला पापा. आईंच्या गुडघ्याचा एक्स-रे पाठव म्हटलं होतं, तो अजून आलेला नाही.

तुझा,
सुध्या